अकोल्याला जाणारी कुंडी

"चूक आपलीच हाये," हे वाक्य आमच्या गल्लीतले काका कोणालाही आणि कुठेही ऐकवायचे. रेशनच्या रांगेत मागच्याने त्यांच्या पायावर पाय दिला, तरी हेच. दूधवाल्याने पाणी घातलेलं दूध दिलं, तर पातेलं हातात धरून म्हणायचे, "चूक आपलीच हाये, आपण उशिरा उठलो." एकदा बडनेऱ्याच्या बाजारात एका मोकाट बैलाने त्यांना ढुशी दिली. काका गुडघे झटकत उठले आणि बैलाला वाट करून देत तेच म्हणाले. बोलताना उजवा हात छातीवर असायचा आणि नजर समोरच्याच्या चपलांवर.

तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल. आधी त्याची गंमत वाटते, मग सवय होते. पुढे कधीतरी लक्षात येतं, की हा माणूस माफी मागतोय ती वेगळ्याच कशाची तरी.

आमच्या गल्लीला ते लक्षात यायची गरज नव्हती. सगळं आमच्या डोळ्यांदेखत घडलं होतं.

काका रेल्वेत पॉइंट्समन होते, गाड्यांसाठी रूळ बदलायचे, आणि काकू सरकारी दवाखान्यात नर्स. गल्लीत ख्रिस्ती घर त्यांचं एकच. बाकी आम्ही बौद्ध आणि काही शेतीवाडीवाली कुटुंबं. दिवाळी सरली की गल्लीतल्या बायका येताजाता काकूंच्या ओसरीकडे बघायच्या, कारण तिथल्या कुंड्यांमधली हिरवी पानं शेंड्याकडून लाल व्हायला लागलेली असायची. पॉइन्सेटिया हे नाव काकूंनाच नीट म्हणता यायचं. आम्ही आपले 'नाताळचं झाड' म्हणायचो. "फूल नाही व ते, पानंच हायेत," असं काकू दरवर्षी कोणाला तरी समजावून सांगायच्या आणि दरवर्षी कोणीतरी खात्री करायला पान चिमटीत धरून बघायचं.

नाताळला त्या घराकडे बघत राहावंसं वाटे. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना लाल कुंड्या, खिडकीत लाल कुंड्या, टीव्हीच्या बाजूला एक, जेवणाच्या टेबलावर एक. वर एक कागदी तारा, बस. दुपारी सगळी गल्ली करंज्या आणि केक खायला जमायची. आमची आई एरवी कोणाकडे फारशी जात नसे, पण त्या दिवशी इस्त्रीचं लुगडं नेसून निघायची.

त्या वर्षी मी कॉलेजात होते. चर्चचे पाळकसाहेब आले होते, अकोल्याहून काकूंचा भाऊ आला होता. खोलीत जागा नव्हती म्हणून आम्ही पोरी दाराजवळ बसलो होतो. झाडांचं कौतुक चाललं होतं. त्यात काकूंचा भाऊ म्हणाला, की झाडंच काय, हे अख्खं घर माझ्या बहिणीनं उभं केलंय. तेव्हाच काका ड्युटीवरून आले. प्यालेले होते. ते प्यायचे हे काही गुपित नव्हतं. ते आत आले नाहीत. पायरीवरची पहिली कुंडी उचलली आणि रस्त्यावर आपटली. मग दुसरी. मग कुंडी उचलायचेही कष्ट न घेता झाडं नुसतीच उपसायला लागले. ओरडत नव्हते, शिव्या देत नव्हते. आम्ही सगळे हातात ताटल्या घेऊन बघत राहिलो.

त्या झाडाला दुधासारखा चीक असतो. काकांचे हात चिकाने माखले आणि त्याच हातांनी त्यांनी घाम पुसला. दुसऱ्या क्षणी ते डोळे धरून मातीत बसले आणि लहान पोरासारखी काकूंना हाक मारायला लागले.

काकू उठल्या. त्यांना पायरीवर बसवलं, मान मागे धरली आणि तांब्यातांब्याने त्यांचे डोळे धुतले. पापणी उलटून बघितली, पुन्हा धुतले. दवाखान्यात अनोळखी माणसाचे धुवावेत तसे. मग पदराने चेहरा पुसून दिला. "चोळू नोका," एवढंच म्हणाल्या. आत गेल्या, बॅग भरली आणि संध्याकाळी शाळकरी मुलीला घेऊन भावासोबत अकोल्याला निघून गेल्या. पुढे बदलीही तिकडेच करून घेतली.

काका नंतर एकदा माझ्या वडिलांना म्हणाले होते, की तिनं चार लोकांत थोबाडीत मारली असती तर मी वाचलो असतो.

या गोष्टीचं आमच्या गल्लीने काय केलं, तेही सांगायला हवं. काही दिवस हळहळ झाली, मग हसणं सुरू झालं. पोरं कुंडी आपटायची नक्कल करायची आणि मोठी माणसं त्यांना रागवता रागवता हसायची. शेवटी सगळ्यांनी मिळून एक निकाल दिला: दारूनं केलं, माणूस वाईट नाही. हा निकाल आम्हाला फार सोयीचा होता. काकांशी बोलायला अडचण येत नव्हती.

काकांची दारू सुटली, पण एका झटक्यात नाही. सुटायची, धरायची, पुन्हा सुटायची. एक मात्र त्यांनी दुसऱ्याच दिवशी केलं होतं. रस्त्यावरच्या मोडक्या फांद्या गोळा करून डालड्याच्या डब्यांत, फुटक्या बादलीत, जे मिळेल त्यात खोचून ठेवल्या होत्या. बऱ्याच सुकल्या. काही जगल्या. ज्या जगल्या त्या चांगल्या वाढल्या, पण नाताळ आला तरी हिरव्याच. पुढच्या वर्षीही हिरव्याच. काका पानांकडे बघून छातीवर हात ठेवायचे.

तोवर मला अकोल्याला नोकरी लागली होती. रोज सकाळच्या पॅसेंजरने जायचं, संध्याकाळी परत. एका डिसेंबरात सकाळी मी निघाले, तर काका आमच्या फाटकाशी उभे. हातात पोत्यात गुंडाळलेली कुंडी. मला सरळ विचारायला त्यांना जमेना, म्हणून आधी गाडी वेळेवर आहे का, थंडी किती पडली, असं काहीबाही बोलले. मग म्हणाले, "ताई, एवढं तिच्याकडे देऊन देता काय? माह्यं नाव नोका सांगू."

बडनेऱ्याहून कुंडी आली आहे म्हटल्यावर नाव सांगायची काय गरज, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. मी कुंडी घेतली.

काकूंनी दार उघडलं, मला ओळखलं, आईची तब्येत विचारली. मग पोतं बाजूला केलं. रागावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी एक पान उलटं करून बघितलं, खोडावरून बोट फिरवलं आणि पोतं पुन्हा नीट गुंडाळलं. "मी नाही घेत हे," त्या म्हणाल्या. "घेऊन जाय वापस." मी वळले, तेव्हा मागून हाक आली.

"ओसरीवरचा बल्ब रातभर चालू ठेवत असतीन. त्यायले सांग, दसऱ्यापासून या झाडाले सांजेनंतर उजेड नाही पाहिजे. अंधार पडला तरच लाल होते ते."

संध्याकाळी कुंडी परत आलेली बघून काकांना काही आश्चर्य वाटलं नाही. "बरोबर हाये तिचं," म्हणाले. मग मी बल्बचा निरोप सांगितला. त्यांनी तो माझ्याकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतला. मग खाली बघत सांगितलं, की ती कधी अवेळी आली तर पायरी दिसावी, म्हणून तो बल्ब त्यांनी ती गेल्यापासून विझवलाच नव्हता.

त्यानंतर दसरा झाला की काकांची ओसरी अंधारात जायची. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड येतो म्हणून त्यांनी त्या बाजूला काळी चादर बांधली. पुढच्या डिसेंबरात मी नेली ती कुंडी लालभडक होती. गाडीच्या डब्यातल्या रोजच्या बायकांनी माझं लग्न ठरल्यासारखी चेष्टा केली. मूर्तिजापूरला चढलेल्या एका आजींनी मात्र मांडी घालून जागा करून दिली आणि अकोल्यापर्यंत कुंडीला हात लावून बसल्या. काकूंनी ती कुंडी बघितली, उचलली आणि आत नेली. निरोप काही दिला नाही.

मग दर डिसेंबरला एक कुंडी. मी लग्न होऊन अमरावतीला राहायला गेले, तरी बडनेऱ्याला उतरून कुंडी घ्यायची आणि पुढे जायचं. काकू आधीची झाडंही जपत होत्या. त्यांच्या अकोल्याच्या घराच्या पायरीवर दोन्ही बाजूंनी लाल रांग वाढत गेली. काका मला दरवेळी फक्त झाडांचं विचारायचे. पानं गळली का, माती बदलली का. काकूंचं आणि मुलीचं मी आपणहून सांगायचे. ते ऐकायचे आणि माझ्या चपलांकडे बघायचे.

एका वर्षी कुंडी घ्यायला मुलगी बाहेर आली. आता ती स्वतः नोकरीला लागली होती. म्हणाली, यंदा नाताळला बाबांना यायला सांगा. आईला विचारलंय.

काकांनी नवीन शर्ट शिवून घेतला. गाडीत खिडकीची जागा मिळूनही बाहेर बघितलं नाही. अकोल्याला घरासमोर आलो, तर पायऱ्यांवर त्यांचीच झाडं, आणि दारातून आतल्या माणसांचं हसणं ऐकू येत होतं. काका फाटकातच थांबले. "लोकं हायेत," एवढंच म्हणाले. माझं काही ऐकेनात. शेवटी आत आले, पण पायरी चढले नाहीत. खाली बसून कुंड्यांतली पिवळी पानं वेचायला लागले. मुलगी येऊन पाया पडली, काहीतरी बोलली. त्यांनी मान हलवली आणि पानंच वेचत राहिले.

काकू चहा घेऊन बाहेर आल्या. मी त्यांच्यामागून खुर्ची आणली होती. पुढचं घडलं आणि मला आत जाता येईना.

कप हातात घेताना काकांचा हात सवयीने छातीवर गेला. "चूक आपलीच..."

"ते सोडा," काकू म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "बडनेऱ्यातल्या कुत्र्यामांजराले सांगता तुमी हे. मले कधी सांगतलं काय, नेमकी कोनती चूक?"

आतलं बोलणं थांबलं होतं. काकांनी कप पायरीवर ठेवला. पहिल्यांदाच त्यांना कोणाच्या तरी चेहऱ्याकडे बघून बोलताना मी पाहिलं.

"मी तेवढा प्यालो नव्हतो," ते म्हणाले. "सगळे म्हणते, दारूनं केलं. दारूनं नाही केलं. तुहा भाऊ म्हणला घर तू उभं केलं. खरं होतं ते. मले ते लोकांसमोर नाही सोसलं. तुले कशाचं जास्त दुख होईन, हे मले माहीत होतं. म्हणून झाडं उपसली."

काकूंनी वाकून पायरीवरचा कप उचलला. मग म्हणाल्या, "मले माहीत होतं. एकेक पाहूनच उपसत होते तुमी." आणि कप पुढे करत, "चहा घ्या. आत जेवाले बसू."

ते आत गेले. जेवले. एवढंच झालं. काकू बडनेऱ्याला परत आल्या नाहीत, काकांनीही तसं विचारलं नाही. पुढे दर नाताळला ते जायचे, दुपारी जेवायचे, संध्याकाळच्या गाडीने परत यायचे.

पण त्या पहिल्या दिवशी परतल्यावर त्यांनी जे केलं, ते मला विसरता येत नाही. काकूंनी करंज्यांचा डबा दिला होता. काका तो घेऊन गल्लीत निघाले. कुंड्या आपटल्या त्या नाताळला जी जी माणसं हजर होती, त्यांच्या घरी गेले. दारात उभं राहून एकेक करंजी हातावर ठेवायचे आणि सांगायचे, त्या दिवशी मी तेवढा प्यालो नव्हतो. जाणून केलं होतं.

मी माहेरीच थांबले होते. आमच्या दारातून दिसत होतं. लोकांना काय करावं कळेना. कोणी म्हणालं, जाऊ द्या हो, जुनं झालं. कोणी उगाच हसलं. एका घराने दार लोटून घेतलं. आम्हा सगळ्यांना त्यांचा दारुडा हवा होता, त्याला आम्ही केव्हाच माफ करून बसलो होतो. हा शुद्धीतला माणूस कोणालाच नको होता. आमच्याकडे आले तेव्हा वडील पेपरात डोकं घालून बसले. आई पुढे झाली, करंजी घेतली आणि त्यांना बसायला पाट दिला. मी मात्र मान वर करू शकले नाही. त्यांची कुंडी इतकी वर्षं मांडीवर घेऊन मी गेले होते, आणि ऑफिसात त्यांची नक्कल करून मैत्रिणींना हसवतही होते.

काका गेले ते गेल्या पावसाळ्यात, झोपेतच. काकू आणि मुलगी आल्या. काकू ओसरीवर बसून राहिल्या, फार रडल्या नाहीत. दफन झालं, लोक पांगले. दोन दिवसांनी मुलीने एक छोटा टेम्पो आणला आणि सगळ्या कुंड्या अकोल्याला न्यायला चढवल्या. गल्लीतल्या पुरुषांनी न सांगता हात लावला.

टेम्पो निघाला तेव्हा भुरभुर पाऊस होता. पावसाळ्यात ती झाडं नुसती हिरवी असतात, कुठल्याही झुडपासारखी. वळणावर एका सायकलवाल्याने टेम्पोला वाट दिली आणि मागे वळूनही न बघता तो पुढे गेला.