आबांची खुर्ची आणि टांझानिया

मी बारामतीच्या एका कॉलेजात आफ्रिकेचा इतिहास शिकवते. हे ऐकल्यावर माणसं आधी सहानुभूतीनं बघतात आणि मग विषय बदलतात. अपवाद एकच, माझे सासरे. वडगाव निंबाळकरहून मला बघायला आले, तेव्हा "पोरगी काय शिकवती?" याचं उत्तर मिळताच बाकीची मंडळी पोह्यांकडं वळली. आबांनी मात्र विचारलं, "तितं ऊस हाय का?" मी म्हटलं, आहे, आणि तो तोडायला इंग्रजांनी आपली माणसं बोटीत घालून नेली होती. "मग आपलीच पावणी म्हणायची," असं म्हणून त्यांनी लग्न पक्कं केलं.

वर्गात निम्मी मुलं बारामतीची, निम्मी इंदापूरकडची. त्यांना आफ्रिका शिकवणं मला कधी जड गेलं नाही. गोऱ्यांनी तिथं रेल्वे टाकली ती खाणीपासून बंदरापर्यंत, शेजारची दोन गावं जोडायला नव्हे, असं सांगितलं की पोरं म्हणतात, "आमच्याकडं बी रस्ता आधी उसाच्या फडात जातो, मग वस्तीला." एकाच पिकावर अख्खा देश उभा करायचा, कुठं कोको, कुठं भुईमूग, आणि भाव ठरायचा सातासमुद्रापलीकडं, हे तर तेच मला समजावून देतील. कालव्याचं उदाहरण तेवढं मी टाळते. वरच्याला पाणी किती आणि शेपटाला किती, हे निघालं की शेपटाकडची, म्हणजे इंदापूरची मुलं बाह्या सरसावतात आणि आफ्रिका बाजूलाच राहते.

पंचाईत व्हायची ती स्वातंत्र्यानंतरच्या धड्याला. नवे देश, एकच पक्ष, विरोधात उभं राहायला कुणी नाही आणि तहहयात अध्यक्ष. इथवर आले की वर्ग माना खाली घालून हसायचा. कारण पोरांना ठाऊक होतं, आमचे आबा गावच्या दूध संस्थेचे चेअरमन होते, माझ्या लग्नाच्या कितीतरी आधीपासून आणि दर खेपेला बिनविरोध.

आबांना त्यातून काही मिळवायचं नव्हतं. त्यांना फक्त ती खुर्ची हवी होती. डेअरीच्या ओट्यावरची साधी प्लास्टिकची खुर्ची, एक हात तुटलेला. तिच्यावर दुसरं कुणी बसत नसे. सकाळी येणारा-जाणारा "राम राम चेअरमन" म्हणायचा आणि तेवढ्यावर त्यांचा दिवस जायचा. सासूबाई तांबडं फुटायच्या आत गोठ्यात असत. गाई त्यांनीच वाढवलेल्या, संस्थेच्या सभासदही त्या होत्या. त्यांना मात्र राम राम घालायला तिथं कुणी नसायचं.

संध्याकाळी जेवताना आबा विचारायचे, "आज कोण पडलं?" मग मी सांगायची, अमुक देशाचे अध्यक्ष परदेशी गेले आणि मागं लष्करानं सत्ता घेतली. आबा भाकरी मोडत निकाल द्यायचे. "परगावी जाताना सचिव संगं न्यायचा. मागं ठिवला की कारभार आटपला." दुसऱ्या एकाबद्दल म्हणाले, "सभेला शिरा दिला नसंल त्यानं." सासूबाई तव्याकडं तोंड करून भाकरी थापत असत. त्या ऐकताहेत, हे आम्हा दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

एकदा मी टांझानियाचं सांगितलं. तिथल्या पहिल्या अध्यक्षांनी आपण होऊन पद सोडलं आणि ते गावाकडं शेती करायला गेले. आबांचा घास हातातच राहिला.

"कुणी ऱ्हावा म्हणलं न्हाय?"

"म्हणाले की. तरी सोडलं."

"मग त्याला नीट ऐकू गेलं नसंल," आबा म्हणाले आणि आमटी ओरपू लागले.

आता आमच्या संस्थेच्या वार्षिक सभेची रीत सांगायला हवी. चेअरमननं उठून म्हणायचं, "आता वय झालं, तरुणांनी फुडं यावं." मग खाली बसून चष्मा पुसायचा. तेवढ्यात पहिल्या रांगेतले तात्या उठून म्हणणार, "आबा हायत तवर दुसरं नाव न्हाय." टाळ्या, आणि मग शिरा. ही रीत वर्षानुवर्षं कधी चुकली नव्हती.

यंदा आबांनी त्यात टांझानिया घातला. आणि काय सांगितला! तो अध्यक्ष, त्याचं ते गाव, खुर्ची सोडून बांधावर उभा राहिलेला तो म्हातारा. माझ्या वर्गात इतकी शांतता मला कधी मिळाली नाही. शेवटी "मलाबी आता त्याच वाटंनं जाऊ द्या" म्हणून आबा बसले आणि चष्मा पुसू लागले. तात्यांनी उठायचं होतं. पण तात्या उपरण्यानं डोळे टिपत बसले होते. सगळ्यांना ते खरंच वाटलं होतं.

आबांचा चष्मा पुसून झाला. त्यांनी तो परत पुसायला घेतला. तेव्हा बायकांच्या बाजूनं सासूबाई उठल्या.

"ह्यांचं मन मोठं हाय," त्या म्हणाल्या. "आता घिऊ द्या की इसावा. मी बघते डेअरीचं."

टाळ्या थांबेनात. सासूबाई चेअरमन झाल्या, आणि त्याही बिनविरोध. पहिला हार लोकांनी आबांच्याच हातून त्यांना घालायला लावला. शिरा आबांनी खाल्ला नाही.

त्या संध्याकाळी जेवताना कोण पडलं, हे त्यांनी विचारलं नाही. मला त्यांची फार कणव आली. भाकरी मोडता मोडता म्हणाले, "त्यो टांझानियावाला. गावी गेल्यावर लोकं यायची का त्याच्याकडं?"

"यायची की, आबा. शेवटपर्यंत यायची."

"हं," म्हणाले आणि हात धुवायला उठले.

दुसऱ्या दिवशी किटली उचलून डेअरीवर दूध घालायला तेच निघाले. मला राहवेना, म्हणून मीही मागोमाग गेले. रांगेतले लोक बाजूला सरले, आबांना पुढं वाट करून दिली. आबा पुढं झाले. काट्याशी सासूबाई उभ्या होत्या. शेजारीच ती हात तुटलेली खुर्ची रिकामी होती. त्यांनी मान वर केली नाही.

"रांगंत या," त्या म्हणाल्या.

आबा किटली घेऊन मागं गेले आणि शेवटच्या माणसाच्या मागं उभे राहिले. नंबर यायला बराच वेळ लागला. दूध घालून आम्ही परत निघालो.

"मी खुर्चीवर असतो तर जुन्या चेअरमनला फुडं घेतलं असतं," निम्म्या वाटेवर ते म्हणाले. "ती घेत न्हाय. डेअरी टिकंल."