हाणली म्हणजे काय?

तंजावूरच्या जुन्या बसस्टँडशेजारी रघोजीनं एसटीडीचा बूथ टाकला, तेव्हा मराठीचा काही उपयोग होईल असं त्याच्या स्वप्नातही नव्हतं. त्याचं घराणं मराठ्यांच्या राज्यापासून तंजावूरलाच राहिलेलं; मराठी उंबऱ्याच्या आत, तमिळ बाहेर. शाळेत पोरं त्याला 'वडक्कन' म्हणत, म्हणजे उत्तरेकडचा. त्या उत्तरेतल्या लोकांशी गाठ पडली ती एकदाच. पदवी झाल्यावर एका कंपनीच्या मुलाखतीला पुण्याचे साहेब आले होते. रघोजी जवळीक साधायला म्हणून मराठीत बोलला. साहेब क्षणभर बघत राहिले, मग शेजाऱ्याकडे वळून म्हणाले, "ऐका, बखर बोलतेय." दोघं पोट धरून हसले. नोकरी गेली ती गेलीच, पण परक्यापुढं मराठी काढायची नाही ही खूणगाठ रघोजीनं त्या दिवशी बांधली.

बूथ टाकल्यावर ती गाठ थोडी सैल झाली. नवे कारखाने निघत होते, महाराष्ट्रातल्या लॉऱ्या माल घेऊन येत होत्या, आणि ड्रायव्हर घरी फोन लावायला त्याच्याकडेच येत. नंबर विचारण्यापुरतं तो बोले. बोलता बोलता गावभर झालं, की रघोजीला मराठी येते.

शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात वकील रामस्वामी बूथवर आले. भानुदास नावाचा करमाळ्याकडचा एक ड्रायव्हर तुरुंगात होता. पापनाशमच्या रस्त्यावर एक सायकलवाला मेला होता, आणि धडक याच्या लॉरीची, असं पोलीस म्हणत होते. भानुदासला तमिळ येत नव्हतं. कोर्टाला दुभाषा हवा होता.

"माझ्यानं व्हायचं नाही," रघोजी म्हणाला.

बाकावर व्यंकोजी पेपर वाचत बसले होते. तंजावूरच्या मराठी समाजातले वडीलधारे, रोज सकाळी येऊन बसायचे. त्यांनी पेपर घडी करून ठेवला. "जा रे. सरकारदरबारी आपली भाषा बोलायची वेळ कितीकांस येते? आपल्या लोकांची लाज राख."

रघोजी गेला, आणि शपथ घेऊन आरोपीच्या पिंजऱ्याशेजारी उभा राहिला.

न्यायाधीशांनी तमिळमध्ये आरोप वाचला. निष्काळजीपणे लॉरी चालवून माणसाला ठार केलं, कबूल आहे का? रघोजीनं ते आपल्या मराठीत सांगितलं. भानुदास कपाळाला आठ्या घालून ऐकत होता, जणू दुरून कुणी हाक मारतंय. मग त्यानं हात जोडले.

"गाडी मीच हाणली, सायेब. मी कशाला खोटं बोलू?"

हाणणं म्हणजे मारणं. रघोजीच्या घरी आई पोरांना हाणायची, दुसरा अर्थ त्यानं कधी ऐकला नव्हता. त्यानं तमिळमध्ये सांगून टाकलं, "गाडीनं मीच मारलं, म्हणतो."

रामस्वामींनी झटकन मान वर केली. न्यायाधीश टायपिस्टला सांगू लागले, "आरोपीला गुन्हा कबूल..."

रघोजीचं लक्ष भानुदासकडे गेलं. त्याचा चेहरा मोकळा झाला होता. पुढं झुकून तो हळूच म्हणाला, "आता सुटलो न्हवं, अण्णा?"

गुन्हा कबूल करणारा माणूस असं विचारतो? रघोजीला एकदम आठवलं. बूथमध्ये एक ड्रायव्हर बायकोला फोनवर म्हणाला होता, रातभर गाडी हाणून आलोय, झोपतो. तेव्हा रघोजीनं लक्ष दिलं नव्हतं. रातभर कोण कुणाला मारत येईल?

टाइपरायटर खडखडत होता. गप्प राहिला असता तर कुणाला कळलंही नसतं.

"अय्या," तो न्यायाधीशांना तमिळमध्ये म्हणाला, "माझं चुकलं असेल. तो शब्द मला नीट समजला नाही."

टाइपरायटर थांबला. सरकारी वकील उठले. "दुभाषा आरोपीला पढवतोय. मराठी येते अशी शपथ घेतलीय ना यानं?" मग थेट रघोजीला, "मराठी वाचता येते?"

"नाही."

"लिहिता?"

"तमिळ अक्षरांत लिहितो."

मागच्या बाकांवर हशा पिकला. रघोजीचे कान तापले. पुण्याचे साहेब असेच हसले होते.

"मग ही तुमची मातृभाषा कशी?" न्यायाधीशांनी विचारलं. ते हसत नव्हते.

"माझ्या घरची मला येते. यांच्या गावची पुरती येत नाही. एक प्रश्न विचारायची परवानगी द्या. सगळ्यांदेखत विचारतो."

न्यायाधीशांनी चष्मा काढला, पुसला. कोर्टात पंख्याचा तेवढा आवाज. "विचारा."

रघोजी भानुदासकडे वळला. "तुमची लॉरी त्या मनुष्यास लागली काय?"

भानुदास दचकला. "न्हाई! कोण म्हणलं? बसनं कट मारला, त्यो पडला. मी गाडी थांबवून उचलाया गेलो."

"मग हाणली म्हणजे काय?"

"म्हंजी चालवली. ष्टेरिंगवर मी हुतो."

रघोजीनं शब्दन् शब्द तमिळमध्ये सांगितला. एकही गाळला नाही. न्यायाधीशांनी आधीची ओळ खोडायला लावली. गुन्हा नाकबूल, खटला चालणार. आणि पुढच्या तारखेपासून बँकेत बदलून आलेले एक मराठी अधिकारी भाषांतर तपासायला बसतील.

बातमी रघोजीच्या आधी बूथवर पोचली होती. व्यंकोजी उभेच होते.

"मराठी येत नाही म्हणून सांगट्लास? भर कोर्टात?"

"येत नाही तितकं सांगट्लो, काका. तो मनुष्य तुरुंगात सडला असता."

"आणि अस्के लोक हासले, तें?"

"हासले."

व्यंकोजींनी छत्री उचलली. त्यानंतर ते पेपर वाचायला बूथवर आले नाहीत. रस्त्यात दिसले की नजर चुकवत. रात्री जेवताना बायको, भुवनेश्वरी, म्हणाली, "दुसरा मनुष्य आला आहे न्हवे? मग तुम्ही कशाला जातां?" पण पुढच्या तारखेला रघोजी गेला.

प्रत्येक तारखेला ते अधिकारी पुढच्या खुर्चीत बसत. दोनदा त्यांनी रघोजीची चूक दाखवली. दोन्ही वेळा चूक खरीच होती. रघोजी मान्य करून पुढं जाई, आणि घरी येईपर्यंत सदऱ्याची पाठ भिजलेली असे. अखेर त्या बसमधल्या एका बाईनं साक्ष दिली, की सायकलीला धक्का आपल्या बसचाच लागला. दुसऱ्या वर्षी भानुदास सुटला.

कोर्टाबाहेर दोघं रस्त्याच्या कडेला उभे राहिले. बाजूनं टाउन बस, ऑटो जात होत्या.

"पयल्या दिवशी वाटलं," भानुदास म्हणाला, "ह्यो माणूस मला फाशी देतोय."

"मजही तसेंच वाटलें," रघोजी म्हणाला.

मग तो त्याला त्रिचीच्या बसपर्यंत सोडायला गेला.