तोंडातले खिळे

कय्युम नालबंद खरं बोलायचा, आणि त्याचा सगळ्यांना ताप होता. लग्नात यजमानानं कौतुकानं विचारावं, "चाचा, पुलाव कसा शे?" तर हा म्हणणार, "मीठ जास्त शे." त्याच्या बायकोनं, चांदबीनं, त्याला लग्नकार्यात न्यायचंच सोडलं होतं. "पाच वक्तांची नमाज मशिदीत होते," तो तिला समजावायचा, "बाकीची बाजारात पढावी लागते." ती म्हणे, "मग जेवा पण बाजारातच."

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात मात्र या तापाला भाव होता. नालबंद खिळे ओठांत धरतो आणि एकेक काढून खुरात ठोकतो. कय्युम प्रत्येक खिळ्याआधी बिस्मिल्ला म्हणे. खिळ्यांच्या गर्दीतून ते "म्म्ल्ला" असं बाहेर पडे, आणि पोरं त्याला वेडावून दाखवत. पण जनावरात खोट असली, तर विचारणाऱ्या गिऱ्हाइकापासून ती दडवून तो एकही खिळा ठोकत नसे. अल्लाचं नाव आणि दडवलेली खोट एका तोंडात मावत नाहीत, हा त्याचा हिशेब. म्हणून कय्युमनं नाल ठोकलेलं जनावर लोक डोळे मिटून घेत.

हे जावयाच्या बरोबर ध्यानात आलं. अनीस घोड्यांचा दलाल. जीभ अशी गोड, की मुंग्या लागत नव्हत्या हेच नवल. त्या वर्षी त्यानं एक पांढरी घोडी आणली होती. दिवसा पाहावं तर राणी. पण आदल्या दिवशी दिवेलागणीला ती सरळ चालत जाऊन उभ्या बैलगाडीवर आपटली, ते कय्युमनं पाहिलं होतं. घोडी रातांधळी होती.

"मामू, झूट बोलनेको कौन बोल रहा?" अनीस सकाळी कानाशी लागला. "करणसिंग पूछेगा तब मुंह में खिले रखो, बस. और बोलनाच है तो बोलो. शाम को शहाबानो को तुम्हारे पास छोड़ जाता. हमेशा के वास्ते."

शहाबानो कय्युमची एकुलती एक लेक. त्यानं मूठभर खिळे तोंडात कोंबले आणि घोडीचा पाय मांडीवर घेतला.

ब्राह्मणपुरीचा करणसिंग आला तेव्हा तीन पाय झाले होते. मागं त्याची बायको रूपलीबाई, कडेवर तान्हं, हातात जत्रेतल्या नव्या बांगड्या.

"चाचा, कशी शे घोडी?"

कय्युमनं मान खाली घातली. ठक ठक.

"आज सांजलेच घर जासू. हिले मांगे बसाडसू, खोल नाल्याना काठे काठे." करणसिंग बायकोकडं वळून हसला. "चाचा गप्प शे, म्हंजे खोट नही."

"मामू काम में बोलते नहीं," अनीस म्हणाला. ही गोष्ट, दुर्दैवानं, खरी होती.

कय्युमनं एक खिळा ओठांतून काढला. बिस्मिल्ला म्हणायला गेला, तर आवाज फुटेना. तसाच ठोकला. दुसराही तसाच. तोंड रिकामं होत चाललं होतं. इतकी वर्षं खिळे संपले की त्याला हलकं वाटे. आज प्रत्येक खिळ्याबरोबर तो एकेक आडोसा गमावत होता. रूपलीबाईचं तान्हं घोडीच्या शेपटीकडं हात करून खिदळत होतं.

शेवटचा खिळा गेला. चौथा नाल पक्का बसला. कय्युमनं डब्यात हात घातला आणि पुन्हा मूठभर खिळे तोंडात भरले.

करणसिंग बघत राहिला. "चाचा, घोडीले चारच पाय शेतस. आते नाल कोनले ठोकस, माले?"

लोक हसले. अनीस सगळ्यांत मोठ्यानं हसला. कय्युमला ठसका लागला, एक खिळा घशाकडं निघाला, आणि त्यानं सगळे खिळे हातावर थुंकले. तोंड असं मोकळं झाल्यावर त्याचा इलाजच संपला.

"हिले रातले दिसत नही, भाऊ. दिन बुडना का आंधयी. हिले लिसन नाल्याना काठे नको जाऊ."

करणसिंगनं हातातली दोरी अनीसच्या खांद्यावर ठेवली, तान्हं आपल्या कडेवर घेतलं, आणि नवराबायको पायीच निघाले.

दिवस बुडता बुडता शहाबानो आली, अनीसनं धाडलेली. काखेत गाठोडं. बापाशेजारी बसली. तो डब्यातले खिळे मोजत राहिला, तेव्हा ती म्हणाली, "अब्बा, मुंह में खिले है क्या?"

त्यानं नाही म्हणून मान हलवली.

"तो पानी पी लो."

समोर मैदानात अनीस घोडीला ओढत होता. ती तंबूच्या दोरीत अडखळली, मग दुसऱ्या दोरीत. सकाळची राणी जागची हलेना. शहाबानो उठली, कंदील घेतला आणि मैदानात गेली. परत आली ती घोडीच्या पुढं चालत, आणि घोडीमागून अनीस, खाली बघत.

कय्युमनं चौथा पाय मांडीवर घेतला आणि ठोकलेले खिळे उपटायला लागला.

"अब क्या हुआ?" अनीसनं विचारलं.

"ये बिना बिस्मिल्ला के गए."

खिळे त्यानं तोंडात धरले नाहीत. शहाबानोच्या तळहातावरून एकेक उचलला, आणि दर वेळी बिस्मिल्ला अख्खं, स्वच्छ ऐकू आलं.

"मामू," अनीस हळूच म्हणाला, "दिन में तो अच्छी है ना?"

"दिन में अच्छी है. पूछेंगे तो वो भी बोलूंगा."

अनीसनं दोरी उचलली. "चल," तो म्हणाला. घोडीला की बायकोला, ते काही कळलं नाही. घोडी तर हललीच नाही. शहाबानोनं आधी बापाकडं पाहिलं, मग गाठोडं उचलून नवऱ्याच्या हातात दिलं, आणि कंदील घेऊन पुढं झाली.