खंडूआबांना कुणी विचारलं नाही

खंडूआबा बैलाला विचारल्याशिवाय त्याच्या मानेवर जू ठेवत नसत. "काय रं पाखऱ्या, येतूस का?" म्हणायचे आणि बैल मान हलवेपर्यंत थांबायचे. झाडाची फांदी तोडायची तरी आधी खोडावर हात ठेवून विचारत. आंदर मावळातल्या आमच्या वाडीत लोक त्यांना हसायचे. "आन् न्हाई म्हणाला तर?" असं कुणी छेडलं की म्हणत, "मग उंद्या इचारीन."

आमच्या घरात कुणी शाळा पाहिली नव्हती. मी गुरांमागं जाणार, हे ठरलेलंच होतं. शेजारीच राहणाऱ्या खंडूआबांनी माझ्या वडिलांना थांबवलं आणि मला विचारलं, "तुला काय पायजे रं?" तोवर मला कुणी असं विचारलंच नव्हतं. मी बी.एस्सी. झालो तो त्या प्रश्नामुळे.

सत्तरच्या दशकात, साठी उलटल्यावर, आबांना चढण चढवेना. हृदयाची एक झडप निकामी झाली आहे, बदलावी लागेल, असं मुंबईच्या इस्पितळात कळलं. झडपा दोन प्रकारच्या होत्या. मी सोबत गेलो होतो, म्हणून आबांना त्या समजावून सांगायचं काम डॉक्टरांनी माझ्यावर सोपवलं. धातूची झडप जन्मभर टिकेल, पण रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या कायमच्या, वरचेवर रक्ततपासणी, आणि कापलं तर रक्त लवकर थांबायचं नाही. दुसरी डुकराच्या हृदयातली. तिला त्या गोळ्या जन्मभर नकोत, पण ती काही वर्षांनी झिजेल आणि मग कदाचित पुन्हा ऑपरेशन.

"डुकराची?" आबा हसले. "लय भात खाल्लाय त्यांनी आमचा. एकानं तरी भरून द्यावं." मग म्हणाले, "तीच बशीव म्हणावं. माझ्या हातात रोज कोयता. पावसात आपल्याकडं एस्टी न्हाई, रगत तपासाया कुटं जाऊ? झिजली तर झिजली. मी तरी कुटं नवा हाय?"

मी ते जसंच्या तसं डॉक्टरांना सांगितलं.

ऑपरेशननंतर एका दुपारी वॉर्ड शांत झाला आणि आबांच्या अंगातून बारीक टकटक ऐकू आली.

"ह्ये काय वाजतंय?" आबांनी विचारलं.

त्यांचा मुलगा शंकर लोणावळ्याला कारखान्यात होता. तो खिडकीपाशी उभा होता. त्यानं परस्पर डॉक्टरांना भेटून डुकराच्या झडपेऐवजी धातूची बसवायला लावली होती. "म्हातारपणी तुम्हाला पुन्हा कापायला मी देणार नाही, आबा," तो म्हणाला. "गोळ्यांचं मी बघतो. आता लोणावळ्यातच राहायचं." त्याचं प्रेम खोटं नव्हतं. म्हणूनच त्याच्याशी भांडता येईना.

आबा माझ्याकडे वळले. "तुला ठावं व्हतं?"

"नाही, आबा."

त्यांनी मान हलवली आणि तोंड भिंतीकडे केलं. त्यांना माझं खरं वाटलं की नाही, हे मला आजही माहीत नाही.

शंकरनं शब्द पाळला. गोळी कधी चुकली नाही, तपासणी चुकली नाही. आबा त्यानंतर बरीच वर्षं जगले, पण लोणावळ्याच्या त्या दोन खोल्यांत. वाढलं ते खात, नेतील तिकडे जात. कोयता पुन्हा त्यांच्या हातात आला नाही.

एकदा मी भेटायला गेलो असताना शंकर म्हणाला, "पाखऱ्याला विकून टाकलं. तिकडं सांभाळायला कोण आहे?"

आबांनी मान वर केली. "त्याला इचारलं व्हतं?"

"बैलाला काय विचारायचं, आबा?" शंकर हसला.

आबा त्याच्याकडे बघत राहिले. "व्हय," म्हणाले, "बैलाला काय इचारायचं."