पाऊण इंचाची काच

दुपारच्या जेवणानंतर आरामखुर्चीत मोरेश्वर नाडकर्णींचा डोळा लागू पाहतो, पण लागत नाही. समोर टेबलावर नवी जाड काच आहे. आज ती दुर्बिणीच्या आरशासाठी घासायला घ्यायची आणि गजाभाऊंची पातळ काच कपाटात टाकायची, असं त्यांनी ठरवलंय. दुर्बिणीच्या आठ इंची आरशाला व्यासाच्या सहाव्या हिश्शाइतकी जाडी हवी, हे त्यांनी चार पुस्तकांत वाचलं होतं. त्यांच्या जोडीने दुर्बीण बांधणाऱ्या गजाभाऊ मिस्त्रींनी मात्र पाऊण इंचाची उचलली, चार महिने घासली, आणि आरसा दुर्बिणीत बसण्याआधीच ते गेले. नाडकर्णींनी तो बसवला, तर प्रत्येक तारा भाताच्या शितासारखा लांबट! ‘काच वाकतेय. मिस्त्रींची निवड चुकली,’ असं ते आकाशप्रेमी मंडळाच्या बैठकीत बोलूनही आले. आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत बोलले, ते हे.

पापण्या जड होतात. ते कॉलेजच्या ग्रंथालयात उभे आहेत, जिथे तीस वर्षं ग्रंथपाल होते. फळ्यांवर पुस्तकांऐवजी काचा. मधोमध एक पिंप, आणि त्यावर ठेवलेली काच गजाभाऊ भोवती फिरत घासतायत.

“या मास्तर. पुस्तकं काय म्हणत्यात?”

“जाड घ्या म्हणतात.”

“जाड काच थंड व्हायला निम्मी रात घेती. तवर तारा थरथरतोय अन् बघणारा घोरतोय.”

“पण गजाभाऊ, तुमची वाकली.”

“माझी? दावा बघू.”

आता गच्ची आहे, भर उन्हात तारे आहेत. गजाभाऊ दुर्बिणीच्या बुडाशी उकिडवे बसून आरशाच्या कडेला पितळी स्क्रूंनी बसवलेल्या तीन पकडी चाचपतात.

“ह्या कुणी आवळल्या?”

“मीच. पातळ आहे, निसटेल म्हणून...”

“म्हणून गळा धरला तिचा? कागद सरकंल एवढी फट लागती, न्हाईतर वाकतीच. काच हाय मास्तर, पळून जाती व्हय?”

“मी बैठकीत तुमचं नाव घेतलं.”

“ऐकलं. माईक लई खरखरत हुता.”

“आता काय करू?”

“बोलायला शिकलायसा न्हवं? मग आनी एकदा बोला.” गजाभाऊ त्यांच्या तळव्यावर काहीतरी ठेवतात आणि एकेक बोट मिटवतात.

नाडकर्णी दचकून उठतात. पंखा फिरतोय. गेला आठवडाभर ते गच्चीची पायरी चढलेले नाहीत. ते मूठ उघडतात. आत एक पितळी स्क्रू आहे, उन्हात तापलेला.