रिकामी भांडी

दादा, मी दिल्लीला निघाले तेव्हा नगरच्या स्टेशनावर आईने डबा हातात दिला आणि बजावलं, "परमुलखात कुणाचं भांडं रिकामं परत पाठवायचं नाही." आप्पांनी भर फलाटावर डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि म्हणाले, "पोरी, विश्वास हे देवाचं दान आहे. तो कमावता येत नाही." आईचं मला तिथल्या तिथे पटलं. आप्पांचं नाही. फुकट कोण काय देतं?

त्यात नोकरी मिळाली ती दक्षता शाखेत. दिवाळीला आलेला मिठाईचा डबा परत करायचा आणि पाठवणाऱ्याची फाइल कुठे अडकलीये ते बघायचं, असलं काम. दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये शेजारच्या कोहली आंटींनी पहिल्यांदा राजमा आणून दिला, तेव्हाही मी मनात तेच विचारलं. हिला काय हवंय? मुलाची बदली? संध्याकाळच्या आत त्याच वाटीतून शंकरपाळे गेले. पुढे वर्षानुवर्षं हेच चाललं आणि मी कधी मागे राहिले नाही.

देवाशीही माझं असंच होतं. रविवारची उपासना चुकवली नाही, चर्चच्या क्वायरमधलं गाणं सोडलं नाही, ईस्टरआधीचे लेंटचे उपास कडक धरले. त्याचे उपकार अंगावर नकोत.

गेल्या हिवाळ्यात माझ्या पाठीचं ऑपरेशन झालं. चर्च बंद, स्वयंपाक बंद. हे ऑफिसला गेले की दार नुसतं लोटलेलं आणि मी आडवी. प्रार्थनेला डोळे मिटावेत तर शब्दच येईनात. खरं सांगते, घाबरले. माझे कष्ट थांबले तसा माझा विश्वासही गेला, असं वाटलं. तो कधी होता तरी का, इथपर्यंत संशय गेला. आंटींच्या वाट्या मात्र येतच होत्या. ओट्यावर रिकाम्या भांड्यांची चळत लागली आणि मला ती बघवेना. शेवटी विचारलंच, "आंटी, सच बताइए, आपको मुझसे कोई काम था क्या?"

"है ना. बर्तन दे दे बेटा, मेरे सारे तेरे यहाँ पड़े हैं."

"पर खाली हैं, आंटी."

"तो? भरे हुए मैंने कभी माँगे थे?"

चळत छातीशी धरून त्या हसत गेल्या. मी दाराकडे बघत पडून राहिले आणि प्रार्थनेतली पहिली हाक ओठांवर आली, "हे बापा." मी ती आणली नव्हती. सवयीने शोधून पाहिलं, मी असं काय केलं होतं? काहीच नाही. तेव्हापासून शब्द येतात. अजूनही मी मधूनच दचकते, की आता कुणीतरी बदल्यात काही मागेल. अजून कुणी आलेलं नाही.

आप्पा असते तर त्यांना सांगितलं असतं. तू फोनवर विचारतोस, घरी कधी येणार? तिकडे घर आहेच. पण ज्या दारातून माझी रिकामी भांडी हसत परत गेली, त्यालाही मी आता क्वार्टर म्हणत नाही, घर म्हणते.

आईला मात्र भांड्यांचं सांगू नकोस.