मागच्या दाराचा पेशंट

डॉक्टरबाई राजकारणात पडल्या त्या निव्वळ वैतागून. बावीस वर्षं त्याच गल्लीतली तीच माणसं तीच कावीळ घेऊन दवाखान्यात यायची. कारण आंधळ्यालाही दिसावं असं होतं: पिण्याच्या पाण्याची गंजकी पाइपलाइन थेट गटारातून गेलेली. "रोग नगरपालिकेनं द्यायचा आणि औषध मी, हे किती दिवस चालवायचं?" असं नवऱ्याला म्हणाल्या आणि भरला की निवडणुकीचा अर्ज! निवडूनही आल्या.

पण सभागृहात भाषण ठोकणं त्यांना कुठलं जमायला! नव्या पाइपलाइनचा ठराव दोनदा मांडला, दोनदा पडला. आडवा यायचा तो पैलवान, त्या गल्लीचाच नगरसेवक. कुस्ती सुटून जमाना झाला, पण 'मला आयुष्यात साधी सर्दी नाही' ही फुशारकी काही सुटली नव्हती.

आणि गंमत बघा, हाच गडी दोनदा पिवळेधमक डोळे घेऊन दवाखान्यात आला होता. तोंडाला मफलर गुंडाळून, मागच्या दारानं. "बाई, कुठं बोलू नका हं." बाईंनी शब्द दिला होता.

तिसऱ्या खेपेला हात मोजले तर दोन्हीकडे सारखे. उरला एकटा पैलवान. तो उठून गरजला, "आमच्या गल्लीत कुणाला झालीय कावीळ? एक नाव सांगा, आत्ता हात वर करतो!"

नाव बाईंच्या अगदी ओठांवर आलं. एका शब्दात काम फत्ते झालं असतं.

"पेशंटचं नाव मी सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "ठराव पडला तर पुन्हा मांडेन." आणि खाली बसल्या. रडू यायचंच काय ते बाकी होतं.

तेवढ्यात प्रेक्षकांच्या बाकावरून पैलवानाच्या बायकोचा आवाज आला, "अहो, तुम्ही सांगताय की मी सांगू?"

पैलवानानं मान खाजवली. "लिहा माझं नाव," तो पुटपुटला. "दोनदा लिहा." आणि हात वर केला. अख्खं सभागृह खो खो हसत सुटलं. बाई तर डोळे पुसत हसत होत्या.

नवी पाइपलाइन सुरू झाली त्या आठवड्यात पैलवान दवाखान्यात आला. मफलर नाही, काही नाही. नंबर लावून तासभर बाकावर बसला, सगळ्यांशी गप्पा मारत.

"काय होतंय?" बाईंनी विचारलं.

"कुठं काय! पुढच्या दारानं यायचं राहिलं होतं."